कंपनीच्या प्रत्येक ईमेलखाली डिस्क्लेमर कसा लावायचा? मजकुरापासून मोबाईलपर्यंत सगळी माहिती

कान्हे फाट्यावरून आत वळून इंद्रायणीवरचा पूल ओलांडला की टाकवे बुद्रुक लागतं. आंदर मावळात जाणाऱ्या या रस्त्यावर शेतीच्या जोडीने आता छोटेमोठे कारखानेही आहेत. अशा कारखान्यांत दहा-पंधरा माणसं असतात, ऑफिसात दोन कॉम्प्युटर असतात आणि आयटी विभाग वगैरे काही नसतो. मग ईमेलचं काही काम निघालं की ते ऑफिसातल्या सगळ्यात तरुण मुलाकडे किंवा मुलीकडे येतं. "तुला मोबाईलमधलं सगळं कळतं ना, मग हे पण कर."

असंच येणारं एक काम म्हणजे कंपनीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलखाली डिस्क्लेमर लावणं. मोठ्या ग्राहक कंपनीच्या मेलखाली तो दिसतो आणि साहेब म्हणतात, "आपल्यालाही असं पाहिजे." मग कुठून तरी वीस ओळींचा इंग्रजी मजकूर कॉपी होतो आणि प्रत्येकाच्या सिग्नेचरमध्ये पेस्ट होतो. काम झालं असं वाटतं, पण दोन गोष्टी राहून जातात. त्या वीस ओळींतलं बरंचसं निरुपयोगी असतं आणि जे खरंच लागतं ते त्यात नसतं. शिवाय मोबाईलवरून पाठवलेल्या मेलला तो मजकूर लागतच नाही.

या लेखात आपण तीन गोष्टी पाहू: काय लिहायचं, कुठे लावायचं आणि लागलं की नाही हे कसं तपासायचं.

सिग्नेचर आणि डिस्क्लेमर यात फरक काय?

सिग्नेचर माणसाची असते. त्यात नाव, हुद्दा आणि फोन नंबर असतो. ती तुमच्या अ‍ॅपमध्ये किंवा ब्राउझरमध्ये लिहिलेली असते आणि मेल लिहितानाच खाली दिसते. तुम्ही ती बदलू शकता, पुसूही शकता.

डिस्क्लेमर कंपनीचा असतो. तो मेल सर्व्हरवर एकदाच लिहितात. तुम्ही 'सेंड' दाबलं की मेल आधी सर्व्हरवर जातो, सर्व्हर खाली मजकूर चिकटवतो आणि मग मेल बाहेर पडतो. मेल कॉम्प्युटरवरून गेला, अँड्रॉइडवरून गेला की आयफोनवरून, याने फरक पडत नाही. पाठवणाऱ्याला तो पुसताही येत नाही.

सिग्नेचर म्हणजे पत्राखालची सही आणि डिस्क्लेमर म्हणजे लेटरहेडवर आधीच छापलेला मजकूर, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

कायद्याने काय लिहावं लागतं?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ नुसार प्रत्येक कंपनीने आपल्या व्यावसायिक पत्रांवर, बिलांवर आणि लेटरहेडवर पुढची माहिती छापायची असते:

• कंपनीचं पूर्ण नाव
• नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता
• सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक
• फोन नंबर, आणि असल्यास फॅक्स, ईमेल व वेबसाईट

कंपनीने मागच्या दोन वर्षांत नाव बदललं असेल तर जुनं नावही द्यावं लागतं. हा नियम मोडल्यास कंपनीला आणि जबाबदार अधिकाऱ्यांना दिवसाला १,००० रुपये, जास्तीत जास्त १ लाख रुपये दंड होऊ शकतो. कलमात 'ईमेल' असा वेगळा उल्लेख नाही. पण आज कोटेशन, ऑर्डर, तक्रार सगळं मेलवरच चालतं आणि माहिती तंत्रज्ञान कायदा २००० इलेक्ट्रॉनिक मजकुरालाही लेखी मजकुरासारखीच मान्यता देतो. म्हणून ही माहिती मेलखाली टाकणं हाच शहाणपणाचा मार्ग.

सीआयएन २१ अक्षरांचा असतो. पहिलं अक्षर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही ते सांगतं, मग उद्योगाचा पाच आकडी कोड, राज्याची दोन अक्षरं, स्थापनेचं वर्ष, कंपनीच्या प्रकाराची तीन अक्षरं आणि शेवटी सहा आकडी नोंदणी क्रमांक. टाईप करताना एखादा आकडा हमखास चुकतो, म्हणून नोंदणी प्रमाणपत्राच्या पीडीएफमधून थेट कॉपी करा.

मावळातल्या कारखान्यांच्या बाबतीत एक गोष्ट नीट पाहा. कारखाना टाकव्याला असला तरी कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय अनेकदा पुण्यात, चिंचवडमध्ये किंवा मुंबईत असतं. कायद्याला तोच पत्ता हवा असतो. कारखान्याचा पत्ता जोडीला द्या, त्याच्या जागी नको.

तुमची फर्म एलएलपी असेल तर नाव, नोंदणीकृत पत्ता, नोंदणी क्रमांक आणि 'मर्यादित जबाबदारीसह नोंदणीकृत' हे विधान द्यावं लागतं. एकाच मालकाची फर्म किंवा साधी भागीदारी असेल तर सीआयएन नसतोच. तिथे नाव, पत्ता आणि फोन पुरेसा.

काय लिहून फारसा फायदा नाही?

"हा मेल गोपनीय आहे. चुकून मिळाल्यास वाचू नका, अन्यथा कायदेशीर कारवाई होईल." हे वाक्य तुम्ही शंभर वेळा पाहिलं असेल. गंमत म्हणजे 'वाचू नका' हे वाक्य माणसाला मेल वाचून झाल्यावर तळाशी दिसतं! शिवाय करार व्हायला दोन बाजूंची संमती लागते. तुम्ही एकतर्फी चार ओळी पाठवल्या म्हणून समोरच्या अनोळखी माणसावर बंधन येत नाही. 'चुकून मिळाला असेल तर कळवा आणि डिलीट करा' अशी साधी विनंती मात्र जरूर ठेवा. सभ्य माणूस ती पाळतो आणि पुढे वाद झालाच तर तुम्ही सांगितलं होतं हे दिसतं.

दुसरं वाक्य: "या मेलमुळे कोणताही करार होत नाही." यावर विसंबून राहणं धोक्याचं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०ए सांगतं की इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला एवढ्याच कारणाने करार अवैध ठरत नाही. २०१० मध्ये ट्रायमेक्स इंटरनॅशनल विरुद्ध वेदांत अ‍ॅल्युमिनियम या बॉक्साइट पुरवठ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मेलवर झालेली देवाणघेवाण धरूनच करार झाल्याचं मान्य केलं. सहीशिक्क्याचा कागद अजून व्हायचा होता, हा बचाव चालला नाही. त्यामुळे "ठीक आहे, ५,००० नग या दराने देतो" असं तुम्ही मोबाईलवरून लिहिलंत तर खालच्या डिस्क्लेमरपेक्षा वरच्या त्या वाक्याला जास्त वजन असेल. दर पक्का नसेल तर मेलमध्येच लिहा, "हे फक्त कोटेशन आहे, ऑर्डर मान्य झाल्याचं स्वतंत्र कळवू."

तिसरं म्हणजे ग्राहकांचा डेटा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये, डेटाच्या सुरक्षेची पुरेशी काळजी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कामगारांच्या आधार कार्डांची फाईल चुकीच्या पत्त्यावर गेली तर खालचा डिस्क्लेमर ती परत आणत नाही. अशा फाईलला पासवर्ड लावणं हाच उपाय.

एक ओळ जी खरोखर पैसे वाचवू शकते

आता सगळ्यात कामाची गोष्ट. छोट्या पुरवठादाराला ईमेलमुळे होणारं सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे बँक खातं बदलल्याची फसवणूक.

ती अशी चालते. चोर तुमच्या कंपनीच्या एखाद्या मेलबॉक्सचा पासवर्ड मिळवतो आणि गुपचूप मेल वाचत बसतो. कोणत्या ग्राहकाकडून किती पेमेंट यायचं आहे हे त्याला कळतं. नेमक्या वेळी तो ग्राहकाच्या अकाउंट्स विभागाला मेल टाकतो, "आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, या वेळचं पेमेंट सोबतच्या नव्या खात्यावर करा." कधी तो तुमच्याच मेलबॉक्समधून पाठवतो, तर कधी एखादं अक्षर बदललेल्या दुसऱ्या डोमेनवरून. ग्राहक पैसे पाठवतो. महिन्याभराने तुम्ही पेमेंट मागता तेव्हा तो म्हणतो, "आम्ही तर कधीच भरलं." माल गेला, पैसेही गेले. पंधरा माणसांच्या कारखान्यात अशा एका बिलाने त्या महिन्याचे पगार अडकू शकतात.

मोबाईलवर हे ओळखणं आणखी अवघड. छोट्या स्क्रीनवर पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसतं, पूर्ण पत्ता दिसत नाही. नावावर टॅप केल्यावरच खरा पत्ता उघडतो.

म्हणून डिस्क्लेमरमध्ये ही ओळ टाकाच: "आमचं बँक खातं बदलल्याचं आम्ही फक्त ईमेलवरून कधीही कळवत नाही. असा मेल आल्यास तुमच्याकडे आधीपासून असलेल्या आमच्या नंबरवर फोन करून खात्री करा."

ही ओळ सर्व्हरवरून लावण्याचा खरा फायदा इथे आहे. चोराने तुमच्याच मेलबॉक्समधून खोटा मेल पाठवला तरी सर्व्हर त्याच्याही मेलखाली हीच ओळ चिकटवतो. वर लिहिलेलं असतं 'नव्या खात्यावर पाठवा' आणि खाली लिहिलेलं असतं 'असं आम्ही कळवत नाही'. सिग्नेचरमध्ये असती तर चोराने ती पुसली असती. खोट्या डोमेनवरून आलेल्या मेलखाली ती ओळ नसेल. पण ग्राहकाच्या अकाउंट्समधल्या माणसाने तुमच्या आधीच्या प्रत्येक मेलखाली ती पाहिलेली असेल, तर त्याचा हात थांबण्याची शक्यता वाढते.

'आधीपासून असलेल्या नंबरवर' हे शब्द गाळू नका. खोट्या मेलमध्ये खोटा नंबरही असू शकतो.

फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाईनवर फोन करा, बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी अडवता आले तरच परत मिळण्याची आशा असते.

नमुना मजकूर

खालच्या नमुन्यात तुमची माहिती भरा. ग्राहक राज्याबाहेरचे असतील तर मराठीच्या जोडीला इंग्रजीही द्या.

अबक इंजिनिअरिंग प्रायव्हेट लिमिटेड
नोंदणीकृत कार्यालय: (पत्ता) | कारखाना: टाकवे बुद्रुक, ता. मावळ, जि. पुणे
सीआयएन: (२१ अक्षरी क्रमांक) | फोन: (नंबर) | वेबसाईट: (पत्ता)
बँक खातं बदलल्याचं आम्ही फक्त ईमेलवरून कधीही कळवत नाही. पैसे पाठवण्याआधी तुमच्याकडे आधीपासून असलेल्या आमच्या नंबरवर खात्री करा.
हा मेल चुकून मिळाला असल्यास कृपया आम्हाला कळवा आणि डिलीट करा.

बस, एवढंच. मजकूर लांबला की कोणी वाचत नाही आणि मग बँकेची ओळही त्यात हरवते.

सर्व्हरवर कसं लावायचं?

आधी तुमच्या कंपनीचा मेल कोणाकडे आहे ते शोधा. पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी अ‍ॅडमिनचं लॉगिन लागतं. छोट्या कंपन्यांत ते बहुतेक वेळा मालकाकडे किंवा ज्याने वेबसाईट बनवून दिली त्याच्याकडे असतं. हे काम मोबाईलवर न करता कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये करा.

*गूगल वर्कस्पेस असेल तर:*

१. गूगल अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये लॉगिन करा.
२. 'अ‍ॅप्स', मग 'गूगल वर्कस्पेस', मग 'जीमेल' उघडा.
३. 'कम्प्लायन्स' विभागात जा आणि 'अपेंड फूटर' शोधा.
४. मजकूर पेस्ट करा. कंपनीतल्या कंपनीत जाणाऱ्या मेललाही लावायचा असेल तरच त्याचा वेगळा चौकोन टिक करा. नसेल तर मोकळा ठेवा.
५. सेव्ह करा. बदल सगळीकडे लागू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, त्यामुळे लगेच दिसलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा बदलू नका.

*मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर:*

१. एक्स्चेंज अ‍ॅडमिन सेंटर उघडा.
२. 'मेल फ्लो', मग 'रूल्स', मग नवा नियम जोडताना 'अप्लाय डिस्क्लेमर्स' निवडा.
३. अट म्हणून मेल घेणारा 'संस्थेबाहेरचा' असेल तर, असं ठरवा.
४. कृती म्हणून 'डिस्क्लेमर शेवटी जोडा' हा पर्याय घ्या आणि मजकूर भरा. त्याला ५,००० अक्षरांची मर्यादा आहे.
५. पर्यायी कृती म्हणून 'रॅप' ठेवा. मेल एन्क्रिप्ट केलेला असेल आणि आत मजकूर घालता येत नसेल, तर मूळ मेल जोडपत्र करून वर डिस्क्लेमर लावला जातो.
६. अपवाद म्हणून डिस्क्लेमरमधलंच एखादं वेगळं वाक्य टाका. ते वाक्य मेलमध्ये आधीच असेल तर नियम पुन्हा लागत नाही. नाहीतर दहा वेळा रिप्लाय झालेल्या मेलखाली दहा डिस्क्लेमरची शेपटी तयार होते.
७. नवा नियम सुरुवातीला बंद असतो. यादीत जाऊन तो चालू करा. बरेच जण इथेच अडकतात.

गूगलच्या फूटरमध्ये असा अपवाद ठेवायची सोय नाही. मजकूर लहान ठेवायचं हे आणखी एक कारण.

*झोहो मेल असेल तर:* हीच कल्पना तिथेही चालते. अ‍ॅडमिन कन्सोलमधल्या मेल सेटिंगमध्ये कंपनीपातळीवरचा मजकूर कुठे लावता येतो ते पाहा.

*वेबसाईटच्या होस्टिंगसोबत मिळालेला स्वस्तातला मेल असेल तर:* बहुतेक ठिकाणी तुम्हाला स्वतःला असा कंपनीभराचा नियम लावता येत नाही. होस्टिंग कंपनीला विचारून पाहा.

*साधं फुकटचं जीमेल असेल तर:* सर्व्हरचा नियम नाहीच. सिग्नेचर हाच पर्याय, आणि ती प्रत्येक ठिकाणी वेगळी भरावी लागते.

मोबाईलवर काय बदलायचं?

सर्व्हरचा नियम असेल तर फोनमध्ये काहीच करावं लागत नाही. नसेल तर जीमेल अ‍ॅपच्या डाव्या कोपऱ्यातल्या तीन रेषा, 'सेटिंग्ज', तुमचं खातं आणि 'मोबाईल सिग्नेचर' असं जाऊन मजकूर भरा. आयफोनच्या मेल अ‍ॅपसाठी सेटिंग्जमध्ये मेलखाली 'सिग्नेचर' असतं. तिथेच ते 'सेंट फ्रॉम माय आयफोन' लपलेलं असतं. कंपनीच्या मेलमधून ते काढून टाका.

लागलं की नाही ते तपासा

• कंपनीच्या खात्यातून स्वतःच्या खासगी जीमेलवर मेल पाठवा. मायक्रोसॉफ्टमध्ये 'सेंट' फोल्डरमध्ये डिस्क्लेमर दिसत नाही, त्यामुळे तिथे बघून घाबरू नका.
• हाच मेल कॉम्प्युटर, अँड्रॉइड आणि आयफोनवरून पाठवून पाहा.
• त्या मेलला रिप्लाय करा आणि पुन्हा उत्तर द्या. मायक्रोसॉफ्टचा डिस्क्लेमर सगळ्या जुन्या संभाषणाच्याही खाली, अगदी तळाशी जातो, तुमच्या नव्या उत्तराखाली नाही.
• मराठी अक्षरं नीट दिसतात का ते दोन-तीन वेगळ्या अ‍ॅपमध्ये बघा.
• बिलिंग सॉफ्टवेअरमधून थेट जाणारे मेल वेगळे तपासा. ते कंपनीच्या मेल सर्व्हरवरून न जाता सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या सर्व्हरवरून जात असतील, तर त्यांना डिस्क्लेमर लागणार नाही. बिलावरच बँकेची ओळ छापा.

नेहमी पडणारे प्रश्न

*डिस्क्लेमर लावल्यावर मेल स्पॅममध्ये जाऊ लागले. का?*
डीकेआयएम तपासा. डीकेआयएम म्हणजे मेलवर मारलेलं डिजिटल सील. सील मारल्यानंतर मजकूर बदलला की ते तुटतं आणि समोरच्या सर्व्हरला संशय येतो. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट आधी मजकूर जोडतात आणि मग सील मारतात. पण मध्ये तिसऱ्याच कंपनीची डिस्क्लेमर सेवा बसवली आणि ती सील मारल्यानंतर मजकूर जोडत असेल, तर अडचण येते.

*लोगो टाकू का?*
शक्यतो नको. मायक्रोसॉफ्टच्या नियमात चित्र थेट बसवता येत नाही, फक्त इंटरनेटवरच्या चित्राची लिंक देता येते. अनेक मेल अ‍ॅप ते चित्र अडवतात आणि ग्राहकाला रिकामा चौकोन दिसतो.

*व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर येतात, तिथे काय?*
तिथे सर्व्हरचा नियम नसतो. कोटेशन आणि बिल लेटरहेडवरच्या पीडीएफमध्येच पाठवा. कायद्याने लागणारी माहिती आणि बँकेची ओळ त्या पीडीएफवर ठेवा.

*डिस्क्लेमर लावला म्हणजे आता आपण सुरक्षित का?*
नाही. तो दारावरच्या पाटीसारखा आहे, कुलपासारखा नाही. प्रत्येक मेलबॉक्सला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावणं हे कुलूप. आणि पाटीवर जे लिहिलंय तसंच कंपनीनेही वागायला हवं. खरोखर बँक खातं बदललं तर आधी फोन करा, मग पत्र पाठवा. तुम्हीच एकदा नुसत्या मेलवरून नवं खातं कळवलंत, तर ग्राहक पुढच्या वेळी त्या ओळीवर विश्वास ठेवणार नाही.

सुरुवात करायची असेल तर आज दोन कामं करा: अ‍ॅडमिनचं लॉगिन कोणाकडे आहे ते शोधा आणि नोंदणी प्रमाणपत्राची पीडीएफ मागून घ्या. एवढं हातात आलं की उरलेलं काम अर्ध्या तासाचं आहे. अडचण आली तर खाली कमेंटमध्ये विचारा आणि ऑफिसातलं हे काम ज्याच्या गळ्यात पडलंय त्या मित्राला हा लेख नक्की पाठवा.